ऋणमोचन आणि क्षमा : इंद्रायणीकाठची खते, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’

१

मराठी कादंबरीच्या इतिहासाचा आरंभ बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या ग्रंथापासून मानण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. ‘अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ हे त्याचे उपशीर्षक प्रसिद्धच आहे. या उपशीर्षकामुळे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच ग्रंथातील सामाजिक आशयाकडे गेले. विधवांची दुःस्थिती, केशवपन, पुनर्विवाह यांविषयी त्यात काय म्हटले आहे, याची चर्चा पुष्कळ झाली. ग्रंथाचा धार्मिक गाभा मात्र ‘धर्मप्रचार’ या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवला गेला. पापाची जाणीव, क्षमेची अपेक्षा आणि त्या दोहोंतून एका तरुण जीवाला होणारी स्वतःची ओळख हा त्या गाभ्यातील मुख्य विषय होय. तो बाजूला सारल्यास मराठीतील पहिल्या कादंबरीची निम्मी बाजू अनभ्यस्त राहते.

क्षमेची ख्रिस्ती कल्पना मराठी कथनात कशी आली, तिला मराठी भाषेत कोणती भूमी मिळाली आणि ती तत्त्वाच्या पातळीवरून अनुभवाच्या पातळीवर केव्हा उतरली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी तीन स्थळे विचारात घेतली आहेत. पहिले मावळच्या सीमेवरील इंद्रायणीचा काठ व तुकोबांच्या चरित्रातील कर्जखतांचा प्रसंग, दुसरे ‘यमुनापर्यटन’, आणि तिसरे नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन व ‘स्मृतिचित्रे’. या तिहींना जोडणारा दुवा ‘ऋण’ या शब्दात आहे.

२

इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावच्या परिसरात उगम पावते आणि मावळातून वाहत देहू, आळंदीकडे जाते. तुळापूर येथे ती भीमेस मिळते. देहू हे गाव हवेली तालुक्यात मोडते. तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेला भंडारा डोंगर मावळात आहे, आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी असलेले सुदुंबरे हेही मावळातच आहे. एकांतवासासंबंधी ज्याचे नाव घेतले जाते तो भामचंद्राचा डोंगर खेड तालुक्यात येतो. म्हणजे तुकोबांच्या चरित्राची भूमी मावळ, हवेली व खेड यांच्या सीमा जेथे मिळतात अशा एका लहानशा टापूत सामावलेली आहे.

तुकोबांचे घराणे व्यापाराचे व सावकारीचे होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी व मुलगा यांचा अंत झाला. पुढचा प्रसंग परंपरेने जपून ठेवलेला आहे. डोंगरावरील एकांतानंतर धाकटे बंधू कान्होबा तुकोबांना शोधीत आले. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते तेव्हा नदीकाठी आणविण्यात आली. त्यांचे दोन भाग करून एक कान्होबांस देण्यात आला, आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रांमुळे तुकोबांविषयीच्या अशा कथा महाराष्ट्रभर पोहोचल्या. प्रसंगाचा तपशील ऐतिहासिक कसोटीवर कितपत उतरतो, हा प्रश्न वेगळा. येथे महत्त्व आहे ते मराठी मनाने त्याला दिलेल्या अर्थाचे.

या प्रसंगातील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, खते बुडविणारा हा धनको आहे. ऋणकोने खत नष्ट केले तर तो गुन्हा किंवा बंड होते. धनकोने केले तरच ती सूट ठरते. याच पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, मे १८७५ मध्ये कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व खते हिसकावून जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या मुलखात खताचा एक कागद कुटुंबाची जमीन गिळू शकत असे, तेथे तो कागद स्वहस्ते पाण्यात सोडणाऱ्या सावकाराची कथा टिकून राहावी, यात नवल नाही. दुसरी गोष्ट अशी की, तुकोबांनी फक्त आपला वाटा सोडला. भावाच्या वाट्यावर त्यांनी हक्क सांगितला नाही. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करता येत नाही, हे तत्त्व या वाटणीत आपोआप पाळले गेले आहे. तिसरी गोष्ट क्रमाची आहे. आधी एकांत व आत्मपरीक्षण, मग ऋणमोचन. स्वतःची ओळख पटल्यावाचून दुसऱ्याचे ऋण सोडता येत नाही, असे कथेचे मूक प्रतिपादन आहे. पुढे वाघोलीचे रामेश्वरभट्ट व देहूचे मंबाजी यांच्याशी झालेल्या वैराच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतही छळ करणाऱ्याबद्दलचे येणे मनातून काढून टाकण्याचेच चित्र आहे.

३

ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनंतर अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत छापखाना घातला. १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार त्या मिशनने प्रसिद्ध केला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांस शिकविलेली प्रार्थना आहे. तीत क्षमेची मागणी ऋणाच्या परिभाषेत केलेली आहे, आणि मराठी भाषांतरानेही तो ऋणवाचक शब्द कायम राखला. त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका सेवकाचा दृष्टांत येतो. त्याचे अवाढव्य कर्ज धनी माफ करतो, पण तो स्वतः मात्र आपल्या सोबत्याकडून शंभर दिनारांच्या वसुलीसाठी त्याचा गळा धरतो. खत, वसुली, तुरुंग आणि सूट यांचा हा व्यवहार पुणे जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्यास विवरण करून सांगावा लागला नसता.

येथे भाषांतराच्या इतिहासातील एक महत्त्वाची बाब दृष्टीस पडते. अवतार, प्रायश्चित्त, पवित्र आत्मा अशा संज्ञांसाठी भाषांतरकारांना संस्कृत परंपरेतील शब्द नव्या अर्थाने वापरावे लागले आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळेही झाले. प्रायश्चित्त म्हणजे करणाऱ्याने स्वतः भरावयाचा दंड अशी येथील समजूत; ख्रिस्ती सिद्धान्तात तो दंड दुसऱ्याने भरलेला असतो. ऋण आणि त्याची सूट यांविषयी मात्र असा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. त्या कल्पनेला सावकारी व्यवहाराने आणि इंद्रायणीकाठच्या कथेने आधीच अर्थ दिलेला होता.

४

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. त्यांचे शिक्षण बेळगाव व मुंबई येथील मिशन शाळांत झाले. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे काही काळ ते पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. ‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये संमत झाला होता. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा हा ग्रंथ आगगाडीपूर्व महाराष्ट्राच्या अखेरच्या दिवसांतला आहे. मुंबईत छापलेले पुस्तक त्या काळी १८३० मध्ये तयार झालेल्या घाटरस्त्याने खंडाळा, लोणावळा व मावळ ओलांडून पुण्यास येई. ‘पर्यटन’ या शब्दाचा ग्रंथातील अर्थही त्या मंद गतीच्या, मुक्कामामुक्कामाने होणाऱ्या प्रवासाचाच आहे.

ग्रंथाला पूर्वपीठिका होती. हरी केशवजी यांनी बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये केले होते. हॅना कॅथरीन मलेन्स यांची ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ ही बंगाली कथा १८५२ ची. आत्म्याची यात्रा आणि स्त्रियांचे गृहजीवन हे दोन्ही विषय त्यांत आलेले होते. पदमनजींनी ते महाराष्ट्राच्या भूमीवर एकत्र आणले. मिशन शाळेच्या संस्कारात वाढलेली यमुना व तिचा पती विनायक हे तरुण जोडपे प्रवासास निघते. वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवांच्या कहाण्या कळतात. पुढे विनायकाचा अपघाती मृत्यू होतो, यमुनेवरच वैधव्य येते, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. नायिका कोवळ्या वयाची आहे. ज्या वाचकवर्गासाठी हे लिहिले तोही नव्या शाळांतून शिकून बाहेर पडणारा तरुण वर्ग होता. या अर्थाने मराठी कादंबरी जन्मतःच तरुणांची कादंबरी आहे.

या कथनात क्षमेचे स्थान कोणते? येथे ग्रंथातील एक मूलभूत ताण उघड होतो. धर्मोपदेशाच्या भागात मनुष्य हा पापी, म्हणजे ऋणको आहे. ईश्वर धनको आहे. ख्रिस्ताच्या द्वारे ऋण सुटते. विधवांच्या कहाण्यांत मात्र हिशेब उलटा आहे. ज्या स्त्रीचे केस बळाने काढले, जिला अन्नवस्त्रास पारखे केले, ती समाजाची ऋणको नव्हे. तीच धनको आहे, आणि समाज तिचे देणे लागतो. तिला क्षमा मागण्याचे कारण नाही, तिला न्याय मिळावयास हवा. पदमनजींच्या ग्रंथात या दोन वह्या शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. परंतु एकीतील नोंद दुसरीत कशी घ्यावी, हे सांगितलेले नाही. यमुना ईश्वराकडून क्षमा पावते. ज्यांनी तिला गांजले त्यांना तिने क्षमा करावी काय, आणि ते देणे मान्यच करीत नसतील तर क्षमेला अर्थ काय राहतो, हा प्रश्न कादंबरी विचारीतच नाही. नायिका नव्या मंडळीत प्रवेश करते आणि जुने घर मागे राहते. तिचा आत्मशोध संवादांनी व युक्तिवादांनी सिद्ध होतो. घरी परत जाऊन तो पारखला जात नाही.

हा दोष दाखविताना पदमनजींना न्यायही दिला पाहिजे. १८५७ साली धर्मांतरिताला घर उरतच नसे. परत जाण्याची वाटच बंद असता कादंबरीकाराने ती कोठून दाखवावी? त्यांनी स्वतः मागाहून लिहिलेल्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे वाचन ‘यमुनापर्यटना’च्या जोडीने केले, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कादंबरीतील धर्मांतर सुलभ वाटते. आत्मचरित्रातील धर्मांतरास आप्तांच्या वियोगाची किंमत आहे.

५

या प्रश्नाचे उत्तर मराठी वाङ्मयाला मिळाले ते सुमारे आठ दशकांनंतर, आणि तेही कादंबरीतून न मिळता आत्मकथनातून मिळाले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. वर उल्लेखिलेली ऋणमोचनाची प्रार्थना याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. या कबुलीचा अर्थ सामान्यतः ‘अभंगाचा छंद’ किंवा ‘भक्तीची आर्तता’ असा लावला जातो. तो खरा आहे, परंतु पुरेसा नाही. आत्मपरीक्षण करून स्वतःला पतित म्हणविण्याची व त्याच श्वासात देवाशी भांडण्याची जी भाषा भंडाऱ्याच्या परिसरात घडली, ती टिळकांना तयार मिळाली. पापाची कबुली हा त्यामुळे त्यांच्यापुरता परकीय विधी राहिला नाही. त्यांच्या ‘अभंगांजली’त ही भाषा ख्रिस्ताला उद्देशून वापरलेली आढळते.

तथापि या पुलावरून टिळक एकटेच गेले. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) व लहान मुलगा मागे राहिले. लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० मध्ये, बाराव्या वर्षाच्या सुमारास झालेला. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याच्या छायेत त्यांचे बालपण गेले होते. पतीचे धर्मांतर त्यांच्या अपरोक्ष झाले. पुढील सुमारे पाच वर्षे विरहाची, आप्तांच्या आश्रयाची व लोकांच्या नजरा सोसण्याची होती. टिळकांनी ईश्वराशी आपला हिशेब पुरा केला. त्याच कृतीने पत्नीचे एक नवे, मोठे ऋण त्यांच्या डोक्यावर चढले. पदमनजींच्या कादंबरीत ज्या दोन वह्या वेगळ्या राहिल्या होत्या, त्या येथे एकाच घरात उघडल्या गेल्या.

कायद्याने एक सोपी वाट ठेवलेली होती. धर्मांतरिताचा जोडीदार नांदावयास नकार देत असेल, तर विवाहविच्छेद मागण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने दिली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ येऊन राहिल्या त्याही आपला धर्म, आपली चूल व आपले सोवळे सांभाळूनच. पती ख्रिस्ती आणि पत्नी हिंदू असा संसार अहमदनगर जिल्ह्यात काही काळ चालला. क्षमेच्या इतिहासात या कालखंडाचे महत्त्व फार मोठे आहे. कारण येथे कोणीही कोणाला जिंकलेले नाही. देणे मान्य आहे, फेड चालू आहे, आणि सूट केव्हा द्यावयाची हे धनकोच्या इच्छेवर सोडलेले आहे.

६

लक्ष्मीबाईंचा आत्मशोध पतीच्या उपदेशाने घडला नाही, हे ‘स्मृतिचित्रां’तून स्पष्ट दिसते. त्यांच्या बाबतीत कसोटीचा प्रश्न पापपुण्याच्या सिद्धान्ताचा नव्हता. तो पाण्याचा व शिवाशिवीचा होता. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. तो माणसाचा आहे असे मनाने घेताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० मध्ये झाला. म्हणजे येथेही क्रम इंद्रायणीकाठच्या कथेप्रमाणेच आहे. प्रथम एकांतातील विचार, मग वाट्याला आलेली खते पाण्यात सोडणे. ही खते पैशाची नव्हती. जन्माने मिळालेल्या श्रेष्ठत्वाचे जे येणे ब्राह्मण कुटुंबाला इतर समाजाकडून आहे असे मानले जाई, ते येणे त्यांनी सोडून दिले. धनको म्हणून त्यांच्या हाती दोन प्रकारची खते होती. एक समाजावरचे, दुसरे पतीवरचे. पहिले सुटल्यावर दुसरे सुटणे कठीण राहिले नाही.

पतीला क्षमा केल्याचा कोणताही सोहळा ‘स्मृतिचित्रे’ उभा करीत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, घरात दाणा नसता दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती, संसाराविषयीची त्यांची बेफिकिरी हे सारे लक्ष्मीबाई सांगतात. आणि त्याच दमात स्वतःचा हट्ट, भाबडेपणा व फजिती यांनाही सूट देत नाहीत. त्यांचा विनोद हा केवळ शैलीचा गुण नाही. ज्या माणसाच्या आठवणीतून वसुलीचा तगादा निघून गेला आहे, त्यालाच असा विनोद साधतो. मात्र देणे नव्हतेच असे त्या कोठेही म्हणत नाहीत. विरहाच्या वर्षांचे वर्णन पूर्ण तपशिलाने येते. रक्कम स्पष्ट लिहिली आहे, आणि मगच तिच्यावर रेघ ओढली आहे. विस्मरणाला क्षमा म्हणण्याची जी चूक नित्य होते, तिला या ग्रंथाने दिलेले हे उत्तर आहे.

१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ तरुणांसाठी म्हणून लिहिलेला नाही. परंतु त्याच्या पूर्वार्धाचा विषय एका अल्पवयीन वधूचे मोठे होणे हाच आहे. यमुना आणि मनू (लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव) यांना शेजारी ठेवून पाहिले असता दोहोंमधील अंतर सहज कळते. यमुना प्रश्नांची उत्तरे घेऊनच कादंबरीत प्रवेश करते. मनूला प्रश्नसुद्धा उशिरा सापडतो. पहिलीचा प्रवास भूगोलातून होतो. दुसरीचा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापासून पाण्याच्या घागरीपर्यंत होतो, आणि तो अधिक लांबचा ठरतो.

७

टिळकांच्या अखेरच्या काळातील एक घटना या विवेचनास पूरक आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत सामावून घ्यावयाचे होते. पाश्चात्त्य मिशन व भारतीय ख्रिस्ती यांच्यातील दाता–याचक हे नाते संपावे, असा तिच्यामागील हेतू दिसतो. क्षमेचा संदेश देणारा स्वतः कोणाचा तरी सावकार असेल, तर संदेशाचा अर्थच फिरतो, ही जाणीव तीत आहे. दोन वर्षांनी टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्या श्रद्धेमुळे त्यांच्या संसाराची घडी एकदा विसकटली, त्याच श्रद्धेचे अपुरे काव्य त्यांनी वार्धक्यात हाती घेतले. ऋण सुटल्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो : मराठी कथनातील क्षमेची ख्रिस्ती कल्पना ही केवळ आयात मानणे योग्य नाही, आणि ती मूळची येथलीच होती असे म्हणणेही अतिशयोक्तीचे ठरेल. शुभवर्तमानाने क्षमेला ईश्वरी अधिष्ठान व सार्वत्रिकता दिली. इंद्रायणीच्या खोऱ्यातील परंपरेने तिला धनकोचे धैर्य व आत्मपरीक्षणाचा क्रम दिला. पदमनजींच्या कादंबरीने तिला कथेचे शरीर दिले, पण विधवांचे देणे व पाप्याचे ऋण यांचा मेळ तिला घालता आला नाही. तो मेळ लक्ष्मीबाईंनी घातला. धर्मोपदेशाचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्याऐवजी ज्यांचे येणे खरोखर बाकी होते अशा व्यक्तीने तो घालावा, हेच क्षमेच्या स्वरूपास धरून आहे. मराठीतील ख्रिस्ती ललित कथनाच्या पुढील इतिहासाकडे पाहताना प्रत्येक ग्रंथास हा एकच प्रश्न विचारता येईल : यातील खत कोणाच्या हाती आहे, आणि ते पाण्यात कोण सोडतो?